समुद्रापलीकडची शाळा : पियो गामा पिंटो आणि आफ्रिकेतील विद्यार्थी

(बीरगांव, जि. रायपूर येथे कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बीरगांवच्या कोणत्याही वस्तीत पाणी येण्याच्या वेळी नळापाशी उभे राहिले तर चार भाषा कानावर पडतात. उरला आणि सिलतरा येथील भट्ट्यांवर व रोलिंग मिलमध्ये राबणारा माणूस छत्तीसगढच्या खेड्यातला असतो, ओडिशातला असतो, बिहार-उत्तर प्रदेशातला असतो आणि भंडारा-गोंदियाकडून आलेला मराठी माणूसही असतो. १९५६ पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच प्रांतात होते. १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी भाषक होते. तरीही कारखान्याच्या फाटकावर भरतीचा प्रश्न निघाला की पहिला सवाल होतो तो हा की, इथला कोण आणि बाहेरचा कोण? मालकवर्गाला हा सवाल फार प्रिय आहे, कारण तो जोवर चालू असतो तोवर मजुरीचा सवाल निघत नाही.

आजच्या व्याख्यानाचा विषय आफ्रिकेचा आहे. मात्र त्याचे मूळ याच सवालात आहे. जन्माने एका देशाचा, वंशाने दुसऱ्या देशाचा आणि शिक्षण समुद्रापलीकडे झालेला असा एक तरुण, ‘बाहेरचा’ म्हणून ज्याला दोन्ही किनाऱ्यांवर हिणवता आले असते, तो दोन देशांच्या स्वातंत्र्यासाठी लढला आणि वयाच्या ३७ व्या वर्षी त्यातल्या एका देशात गोळ्यांना बळी पडला. त्याचे नाव पियो गामा पिंटो. गोव्यात थोड्यांना आणि महाराष्ट्रात त्याहूनही थोड्यांना हे नाव ठाऊक आहे.

पिंटोचा जन्म ३१ मार्च १९२७ रोजी नैरोबीत झाला. आईबाप गोव्याचे, बाप वसाहतीच्या सरकारी नोकरीत. त्या वेळचा केनिया म्हणजे माणसांची तीन मजली इमारत होती. वरच्या मजल्यावर गोरा जमीनदार व अधिकारी, मधल्या मजल्यावर हिंदी व गोवेकर कारकून, कारागीर आणि दुकानदार, आणि तळाशी स्वतःच्याच भूमीत परका झालेला आफ्रिकी. काम तेच, पण गोऱ्याला एक पगार, आशियाईला त्याहून कमी आणि आफ्रिकीला सर्वांत कमी. आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ नावाचा ओळखपत्राचा कागद धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागे. तो नसला की तुरुंग. मधल्या मजल्यावरच्या माणसाला वरच्याचा अपमान सोसावा लागे आणि खालच्याचा अपमान करण्याची मुभा असे. साम्राज्यशाहीची ही युक्ती जुनी आहे आणि आपल्याला ती अपरिचित नाही. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यामध्ये तीच पायरी घातलेली असते.

या मधल्या मजल्याचा इतिहासही ध्यानात ठेवला पाहिजे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतची रेल्वे घालण्यासाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२ हजार मजूर करारावर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या आसपास मजूर तिथेच मेले. आफ्रिकेतल्या हिंदी समाजाच्या इतिहासात दुकानदाराच्या आधी हा रूळ टाकणारा मजूर येतो. पुढे दुकानदारांनी त्याला विसरून टाकले, ही गोष्ट वेगळी.

गोवेकर कारकुनाची मोठी चिंता मुलांच्या शिक्षणाची असे. पियोला वयाच्या आठव्या वर्षी गोव्यात धाडण्यात आले. बार्देश तालुक्यातील हडफडे येथील सेंट जोसेफ हायस्कूलमधून तो मॅट्रिक झाला. राज्य पोर्तुगीजांचे आणि शाळा इंग्रजी, ही विसंगती वरवरची आहे. गोव्यात रोजगार नव्हता. मुंबई, कराची, नैरोबी, दार-एस-सलाम येथे जहाजावर, रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत चिकटायचे तर इंग्रजी हवे होते. म्हणजे गोव्यातली ती शाळा मुलांना गोवा सोडण्याचेच शिक्षण देत होती. सालाझारच्या राजवटीत सभा भरवणे, लिहिणे, बोलणे यांवर बंदी होती. आठ वर्षांचा जो मुलगा नैरोबीत इंग्रजी साम्राज्य पाहून आला होता, त्याने आता पोर्तुगीज साम्राज्य पाहिले. दोन साम्राज्ये इतक्या कोवळ्या वयात शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी फार थोड्यांना मिळते.

मॅट्रिकनंतर दोन वर्षे तो धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात विज्ञान शिकला. १९४४ मध्ये हिंदी हवाई दलात शिकाऊ तंत्रज्ञ म्हणून भरती झाला आणि तिथून मुंबईच्या टपाल-तार खात्यात आला. त्याचे खरे विद्यापीठ इथे सुरू होते. ती मुंबई कोणती होती हे आठवावे. १९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांचे बंड झाले, गिरणगावातला कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर उतरला आणि गोळीबारात शेकडो माणसे पडली. जुलैत टपाल-तार कामगारांनी देशव्यापी संप केला. त्याच वर्षी १८ जून रोजी मडगावला डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली. टपाल-तार खात्यातला हा नैरोबीकर कारकून संपात उतरला आणि गोव्याच्या मुक्तीसाठी उभ्या राहिलेल्या गोवा नॅशनल काँग्रेसच्या संस्थापक सदस्यांत त्याचे नाव आले. शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने यजमान देशाच्या राजकारणात पडू नये, असा सभ्य संकेत आहे. पिंटोने तो पाळला नाही. पाळला असता तर तो एक चांगला कारकून होऊन निवृत्त झाला असता.

पोर्तुगीजांनी त्याच्यावर डोळा ठेवला. पकडला गेला असता तर केप व्हर्दे बेटावरील ताराफालचा छळतळ वाट पाहत होता. १९४९ मध्ये तो केनियाला परतला. घरच्यांनी शिकायला धाडलेला मुलगा परतला तो पदवी न घेता. संप कसा करतात, पत्रक कसे काढतात आणि पोलिसांच्या नजरेतून कसे सुटतात, एवढी विद्या मात्र घेऊन.

नैरोबीत त्या वेळी कामगार चळवळीचे नेतृत्व माखन सिंग करीत होते. पंजाबात १९१३ साली जन्मलेला आणि १९२७ मध्ये केनियाला गेलेला हा शीख कम्युनिस्ट. हिंदी कामगारांपुरत्या असलेल्या संघटनेची दारे त्याने सर्व वंशांच्या कामगारांसाठी उघडली. १९३९ च्या अखेरीस तो हिंदुस्थानात आला, तेव्हा इंग्रज सरकारने त्याला पकडून युद्धकाळभर डांबून ठेवले. १९४७ मध्ये केनियाला परतल्यावर त्याने पुन्हा तेच काम हाती घेतले. २३ एप्रिल १९५० रोजी नैरोबीतल्या जाहीर सभेत त्याने पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात तो पकडला गेला आणि नैरोबीत सार्वत्रिक संप झाला. माखन सिंग सुटला तो १९६१ मध्ये, अकरा वर्षांनी.

त्याच्या अटकेने पडलेली पोकळी भरून काढणाऱ्यांत पिंटो होता. दिवसा पोटासाठी नोकरी, उरलेल्या वेळी हिंदी काँग्रेसच्या कचेरीत काम आणि वृत्तपत्रांत लेखन. तो स्वाहिली शिकला, याला फार महत्त्व आहे. मधल्या मजल्यावरच्या माणसाला नोकराला हुकूम देण्यापुरती स्वाहिली येत असे, पिंटोची स्वाहिली सभेत बोलण्याची होती. १९५२ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. जोमो केनियाट्टा व त्यांच्या सहकाऱ्यांवर कापेंगुरिया येथे खटला भरला तेव्हा बचावाची जुळवाजुळव करणाऱ्यांत तो होता. त्या बचावासाठी इंग्लंडहून डी. एन. प्रिट आणि भारतातून दिवाण चमनलाल गेले होते.

इथे एका मराठी माणसाचा उल्लेख केलाच पाहिजे. स्वतंत्र भारताने १९४८ मध्ये नैरोबीला पहिला आयुक्त म्हणून धाडला तो औंधच्या संस्थानिकाचा मुलगा, आप्पासाहेब पंत. पंत साम्यवादी नव्हते. औंधच्या राजघराण्यातला माणूस साम्यवादी असण्याचे कारणही नव्हते. पण वडिलांनी १९३९ मध्ये संस्थानचा कारभार प्रजेच्या हाती दिलेला त्यांनी पाहिला होता आणि त्यात भाग घेतला होता. नैरोबीतल्या हिंदी व्यापाऱ्यांना त्यांनी बजावले की तुमचे भवितव्य आफ्रिकी जनतेबरोबर आहे. आफ्रिकी विद्यार्थ्यांनी भारतात शिकायला यावे म्हणून शिष्यवृत्त्यांचा पाठपुरावा त्यांनीच केला. गोऱ्या वसाहतवाल्यांना हे सहन होईना. लंडनच्या दडपणामुळे १९५४ मध्ये पंतांना तिथून हलावे लागले.

त्याच वर्षी जानेवारीत पिंटोचे लग्न झाले. विवाहाला जेमतेम पाच महिने होत होते तोच त्याला उचलण्यात आले. नैरोबी शहराला लष्कराचा वेढा घालून हजारो आफ्रिकींना एकाच झडतीसत्रात स्थानबद्ध करण्याचा तो काळ होता. माऊ माऊ उठावाच्या त्या वर्षांत एक हजाराहून अधिक आफ्रिकी फासावर गेले. पिंटोला लामूजवळच्या मांडा बेटावर ‘कट्टर’ ठरवलेल्या कैद्यांबरोबर ठेवले. चार वर्षांनंतर काबारनेट या आडगावी नजरकैद. १९५९ मध्ये सुटका. कैदेतही तीन वंशांची वेगळी वागणूक होती आणि आशियाई म्हणून मिळणाऱ्या सवलतींत तो आफ्रिकी कैद्यांना वाटेकरी करीत असे, असे त्याच्या सोबत्यांनी सांगून ठेवले आहे.

सुटून आल्यावर त्याने ‘सौती या कानू’ हे पक्षाचे पत्र काढले, पुढे पॅन आफ्रिकन प्रेस उभा केला. गोव्याच्या प्रश्नावर त्याने पूर्व आफ्रिकेतल्या गोवेकरांना जागे केले. पोर्तुगीज वकिलातीच्या मेजवान्यांना जाणाऱ्या आपल्याच समाजातल्या बड्या मंडळींशी त्याला भांडावे लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. पिंटोच्या दोन्ही शाळांवरची परकी निशाणे दोन वर्षांच्या अंतराने उतरली.

आणि इथूनच खरा कठीण भाग सुरू होतो. गोऱ्या जमीनदाराची जमीन कोणाकडे जाणार? ज्यांनी अरण्यात राहून लढा दिला त्या भूमिहीनांकडे, की नव्या मंत्र्यांकडे? जमीनदारांना मोबदला द्यायचा, त्यासाठी इंग्लंडकडूनच कर्ज काढायचे आणि ते कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर ठेवायचे, हा मार्ग केनियाट्टांच्या सरकारने पत्करला. ओगिंगा ओडिंगा यांच्या बाजूने उभे असलेल्या डाव्या गटाचा पिंटो हा मेंदू मानला जात होता. १९६४ मध्ये तो संसदेत गेला. कार्यकर्त्यांच्या शिक्षणासाठी नैरोबीत लुमुंबा इन्स्टिट्यूट उभी राहिली त्यात त्याचा वाटा मोठा होता. २४ फेब्रुवारी १९६५ च्या सकाळी, घराच्या फाटकापाशी, लहान मुलगी मोटारीत बसलेली असताना त्याला गोळ्या घालण्यात आल्या. तीनच दिवसांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्सची हत्या झाली होती. लुमुंबा इन्स्टिट्यूट त्याच वर्षी बंद करण्यात आली. किसिलू मुटुआ नावाच्या एका तरुणाला शिक्षा झाली. तो आपण निर्दोष असल्याचे सांगत राहिला आणि २००१ मध्ये, पस्तीसहून अधिक वर्षे कैदेत काढून, बाहेर आला. ज्यांनी हत्या घडवून आणली ते न्यायासनासमोर कधीच आले नाहीत.

छत्तीसगढच्या श्रोत्यांना हे ऐकताना दुसरे एक नाव आठवल्याशिवाय राहणार नाही. बंगालमधून भिलाईला आलेला, इथल्या खाणकामगारांत मिसळून गेलेला शंकर गुहा नियोगी २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे झोपेत मारला गेला. त्याच्या मार्गाबद्दल डाव्या चळवळीत मतभेद होते आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण तो ‘बाहेरचा’ आहे ही हाकाटी मतभेद असणाऱ्या कामगारांनी केली नव्हती. ती कोठून आली हे उरल्याच्या जुन्या कामगारांना सांगावे लागणार नाही.

आता पिंटोच्या मागून आलेल्या विद्यार्थ्यांकडे वळू. १९६०-७० च्या दशकांत आफ्रिकेतच परदेशी शिकायला जाण्याचे एक ठिकाण तयार झाले होते, ते म्हणजे टांझानियातील दार-एस-सलाम विद्यापीठ. त्याचा आरंभ फारसा क्रांतिकारक नव्हता. १९६६ च्या ऑक्टोबरात राष्ट्रीय सेवेची सक्ती नको म्हणून विद्यार्थ्यांनी मोर्चा काढला. पदवीधर झाल्यावर मिळणाऱ्या पगाराला कात्री लागणार, हे त्यांचे दुःख होते. अध्यक्ष न्येरेरे यांनी सुमारे चारशे विद्यार्थ्यांना घरी पाठवले, आणि पगारच फार मोठे आहेत म्हणत स्वतःच्या पगारात वीस टक्के कपात केली. पुढच्या फेब्रुवारीत अरूशा जाहीरनामा आला. बँका व मोठे उद्योग राष्ट्राच्या मालकीचे झाले.

या वातावरणात युगांडा, केनिया, मलावी, सुदान, इथिओपिया अशा देशांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी १९६७ मध्ये एक क्रांतिकारी आघाडी स्थापन केली. दर आठवड्याला अभ्यासवर्ग भरत. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी तिथे शिकवत. युरोपने आफ्रिकेला मागास कसे बनवले हे दाखवणारा त्यांचा ग्रंथ १९७२ मध्ये लंडन आणि दार-एस-सलाम येथून निघाला, त्याची मांडणी या वर्गांच्या वादविवादांतून तावूनसुलाखून निघाली होती. मुक्तिसंघटनांच्या कचेऱ्या त्याच शहरात असल्याने पुस्तकातला सिद्धान्त आणि रस्त्यावरचा गनिमी सैनिक यांची गाठ पडे. ३ फेब्रुवारी १९६९ रोजी फ्रेलिमोचे अध्यक्ष एदुआर्दो मोंडलेन यांना टपालाने आलेल्या बाँबने तिथेच ठार केले. विद्यार्थ्यांचे ‘चेचे’ नावाचे चक्रमुद्रित नियतकालिक होते. चेचे म्हणजे ठिणगी, अर्थात लेनिनच्या ‘इस्क्रा’ची स्वाहिली बहीण. करीम हिरजी त्याच्या संपादकांत होते. इसा शिवजींचा टांझानियातील वर्गसंघर्षावरचा गाजलेला निबंध त्यातच आला. दोघेही आफ्रिकेत स्थायिक झालेल्या हिंदी कुटुंबांतले, मधल्या मजल्यावरून उतरून आलेले. नोकरशाहीवरची ही टीका समाजवादी म्हणवणाऱ्या सरकारलाही पचली नाही आणि १९७० च्या नोव्हेंबरात आघाडी व ‘चेचे’ या दोहोंवर बंदी आली.

त्या आघाडीचा अध्यक्ष कोण होता, हे सांगितले नाही तर चित्र खोटे होईल. तो युगांडाचा विद्यार्थी योवेरी मुसेवेनी. मोझांबिकच्या मुक्त प्रदेशात तो जाऊन आला होता आणि फानॉनच्या विचारांवर त्याने प्रबंध लिहिला होता. १९८६ मध्ये तो युगांडात सत्तेवर आला, नाणेनिधीचा आवडता शिष्य झाला आणि पुढे जवळजवळ चार दशके खुर्ची सोडायला तयार झाला नाही. अभ्यासवर्ग माणसाला दृष्टी देतो, हमी देत नाही. चळवळीतल्या माणसांनी हे कडू वाटले तरी मान्य करावे.

दुसरे ठिकाण मोझांबिकची राजधानी मापुतो. तिथल्या विद्यापीठात १९७६ मध्ये आफ्रिकी अध्ययन केंद्र निघाले, त्याचे संचालक पुन्हा एक बार्देशकर, १९२४ मध्ये गोव्यात जन्मलेले आक्विनो द ब्रागांसा. तरुणपणी रोजगारासाठी मोझांबिकला गेल्यावर त्यांना वर्णद्वेषाचे पहिले दर्शन झाले. पुढे फ्रान्समध्ये शिक्षण आणि मग मोरोक्को व अल्जीरियातून पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिसंघटनांचे काम. दक्षिण आफ्रिकेतील कम्युनिस्ट लेखिका रूथ फर्स्ट या केंद्रात संशोधनप्रमुख म्हणून आल्या.

या केंद्राची शिकवण्याची रीत कामगारांनी मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांत सरकारी खात्यांतले कर्मचारीही असत. वर्गात बसून टिपणे घेण्याऐवजी त्यांना खेड्यांत, मळ्यांत, बंदरात धाडले जाई आणि सर्वांनी मिळून एका प्रश्नाचा छडा लावायचा असे. पहिला मोठा प्रश्न होता दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांचा. १९७५ च्या सुमारास त्यांची संख्या लाखाहून अधिक होती. पद्धत अशी की, मजुराच्या मजुरीचा मोठा हिस्सा खाणमालक त्याच्या हाती न देता पोर्तुगीज सरकारकडे पाठवत आणि तो ठरावीक सरकारी भावाच्या सोन्यात चुकता केला जाई. मजूर घरी परतला की पोर्तुगीज सरकार त्याला आपल्या चलनात तेवढेच पैसे देई आणि ते सोने खुल्या बाजारात चढ्या भावाने विके. म्हणजे मजुराने जमिनीच्या पोटातून सोने काढायचे, मजुरीही सोन्यातच ठरायची, आणि फरक सरकारने खायचा. ठेकेदार मुकादमाच्या हिशेबाची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना हा राजकोषीय चमत्कार लगेच उमगेल. केंद्राच्या लोकांनी परतलेल्या मजुरांच्या मुलाखती घेऊन हे सारे कागदावर आणले आणि सरकारपुढे ठेवले. मजूर अचानक परत आले तर त्यांच्या कुटुंबांचे काय, खेड्यात त्यांना कोणते काम देणार, असे अवघड प्रश्नही त्यांनी टाळले नाहीत.

वर्णद्वेषी राजवटीने या वर्गाचे महत्त्व नेमके ओळखले. १७ ऑगस्ट १९८२ रोजी केंद्रात आलेले एक पाकीट रूथ फर्स्ट यांनी उघडले आणि स्फोटात त्या जागीच गेल्या. ब्रागांसा त्याच खोलीत होते, ते जखमी होऊन वाचले. चार वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८६ रोजी, अध्यक्ष समोरा माशेल यांचे विमान दक्षिण आफ्रिकेच्या हद्दीत म्बुझिनी येथे कोसळले, त्यात तेही होते.

आता आपल्या घरचा हिशेब. आप्पासाहेब पंतांच्या काळापासून हजारो आफ्रिकी विद्यार्थी भारतात शिकून गेले. पुण्याच्या महाविद्यालयांतून तर त्यांच्या पिढ्या गेल्या. पण जानेवारी २०१६ मध्ये बंगळुरूत टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने मोटारीतून ओढून मारहाण केली. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमाव तुटून पडला. बंगळुरूला अपघात दुसऱ्याच एका आफ्रिकी माणसाच्या हातून झाला होता. नोएडात अफवा होती आणि तिला पुरावा नव्हता. कातडीचा रंग एक, एवढाच गुन्हा. मोंबासाची रेल्वे बांधायला गेलेल्यांच्या देशात हे घडले. काळ्या विद्यार्थ्याला घर नाकारणारा घरमालक आणि गावाचे नाव ऐकून मजुराला खोली नाकारणारा बीरगांवचा घरमालक यांच्यात फरक फारसा नाही.

पिंटोची कबर नैरोबीच्या सिटी पार्क स्मशानभूमीत आहे. त्याच्या शेजारी जोसेफ मुरुंबी यांना पुरलेले आहे. मुरुंबी म्हणजे गोवेकर बाप आणि मसाई आई यांचा मुलगा. तोही लहानपणी शिकण्यासाठी भारतात धाडलेला, बंगळूर आणि बेल्लारीच्या शाळांत वाढलेला. १९६६ मध्ये तो केनियाचा उपराष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी पदावरून दूर झाला. १९९० मध्ये मरण येण्यापूर्वी त्याने सांगून ठेवले होते की, आपल्याला पियोजवळच जागा द्यावी.